विंगेतून

हजार विड्या कारखान्यात मोजून देऊन
नागमणी येमूल सहाला तालमीला यायची,
बोटांना तंबाखूचा वास.
मी प्रॉम्प्टर. विंगेत माझी खुर्ची, माझी बॅटरी.
बावीस वर्षांत तिने मला
तीनदाच कामाला लावलं.

तिचं मराठी तेलुगूवरून घसरत यायचं,
म्हणून आधी मोलकरीण, मग भांडखोर शेजारीण,
मग पदर खोचून जावयाला पळवणारी सासू.
"च्या टाकू का?" एवढंच वाक्य,
आणि हुतात्मा मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत
माणसं खुर्च्या बडवायची.

गिरणीचा भोंगा बंद पडला त्या साली
कुणीतरी तिला आईचं काम दिलं.
तिसरा अंक. मुलाचं प्रेत ओट्यावर.
ती दारात आली, जमलेली माणसं मोजली,
म्हणाली, "च्या टाकू का?"

लोक हसले. सवयीने हसले.
मी बॅटरी लावली, पुढचं वाक्य ओठात धरलं.
तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.
थांबली.
हसू संपेपर्यंत नाही,
हसू लाजेपर्यंत.
मग बाल्कनीत कुणीतरी नाक ओढलं.

नंतर विचारलं, अक्का, काय वेगळं केलंस?
"काय नाही की.
तेवढंच पाणी, तेवढीच पत्ती."

तोंडाचा रंग अर्धा पुसलेला, खांद्यावर टॉवेल,
आणि मांडीवर तिची बोटं
हवेतली विडी वळत होती,
दोरा गुंडाळत होती.
उद्याच्या हजारातल्या
अजून दोनशे बाकी होत्या.