छातीच्या उंचीवर

विहार तलावाच्या वरच्या अंगाला
बारकी तुंबडाची वाडी: सुरण, केळी,
दोन आंबे, एक वाकडा उंबर.

टेप घेऊन पोरगी आली.
"खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, मावशी."
"कुणाच्या छातीच्या?"

वहीत होतं, एक मीटर सदतीस.
बारकीच्या ते कपाळाला लागलं.

मग मातीच्या पिशव्या भरल्या,
वीतभर, दोन वीत, हातभर खोल.
"कोळसा किती निघेल यातून?"
"जळत नाही तोवरच मोजायचा."
बारकी हसली. राबाची राख अजून तिच्या नखांत.

उंबराशी मात्र ती आडवी आली.
खोडावर थाप मारून म्हणाली,
"हा आतून पोकळ. घुबड राहतं.
तेवढं वजा कर."

पोरीनं वाकून कान लावला.
गवतात पडलेल्या टेपच्या आकड्यांवरून
मुंग्या चालल्या होत्या
तलावाकडे.