खालचा आवाज

आमच्या नाटकाचं नाव ‘गुरुवारी पाणी नाही’.
त्यात मी पिंप.
निळं, प्लास्टिकचं, झाकण हरवलेलं,
डावीकडून चौथं.

बाकीच्या सगळ्या हंडे-कळशा.
त्यांना चाल आहे, ताना आहेत, एक लाडिक मुरकी आहे
जी शाल्मली कधी घेते, कधी विसरते.
आम्हा पाच पिंपांना एकच शब्द, एकच सूर:
येईल, येईल, येईल,
मंद्रातला पंचम धरून सोळा वेळा,
मग श्वास, मग पुन्हा सोळा.

सुनीतीबाई म्हणतात, गाण्याचं जोतं तुम्ही आहात.
जोत्याकडे कोणी बघत नाही,
हे त्या म्हणत नाहीत.

सहकारनगरात सोसायटीचा हॉल,
टेबल-टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून
आठवड्यातून तीनदा, साडेसात ते नऊ.
बँकेतून थेट येणारी फिलोमिना, क्लास बुडवून आलेली पोरं,
आणि दत्तू कोंढरे, महापालिकेतला खरोखरचा चावीवाला,
पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवून
संध्याकाळी आमच्यात येऊन पाण्यासाठी भांडतो.
हंडे-कळशा पंख्याखाली.
पिंपं खिडकीशी. खिडकीला सगळ्यात जवळ मी.

खिडकीसमोर दहा फुटांवर उमराणींची गॅलरी.

पंचविसाव्या दिवशी त्यांचं पत्र आलं,
सुवाच्य, समास सोडून:
‘गेले पंचवीस दिवस आपण “येईल” असे सांगत आहात.
काय येईल, कधी येईल, ते एकदा स्पष्ट कळवावे,
म्हणजे आम्हांस झोपता येईल.’
सुनीतीबाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.
आम्ही हसलो. खिडकी लावून घेतली.
मग उकडलं. मग उघडली.

प्रयोग रविवारी सकाळी अकराचा, भाडं कमी म्हणून.
पडद्याच्या फटीतून मी माणसं मोजते, दर वर्षी मोजते.
दत्तूच्या खात्यातले सातजण, पहिल्याच रांगेत,
चपला काढून खुर्चीत मांडी घालून.
वैद्य भगिनी, ज्या प्रत्येक गाण्याला वन्स मोअर देतात,
बिघडलेल्या गाण्याला जरा जास्तच जोरात.
आणि तिसऱ्या रांगेत, कडेला, इस्त्रीच्या शर्टात उमराणी.
तिकीट काढून.

दत्तूने आत येऊन हंडा आपटला, ‘अहो, पाणी कधी सोडणार?’
आणि पहिल्या रांगेतून एकसाथ, ‘तुलाच ठाऊक!’
अख्खं थिएटर हसत होतं.
पेटीवाल्याने हात मांडीवर ठेवून दिले.
दत्तू लाजला, तेही नाटकात नव्हतं.

मग गाणं.
आम्ही सुरू केलं, येईल, येईल,
आणि उमराणींचे ओठ आमच्याबरोबर हलायला लागले,
बिनचूक, श्वासाच्या जागेसकट.
मग वरून शाल्मलीची चाल आली
आणि ते थांबले.

तीन महिने त्यांच्या गॅलरीत नुसतं जोतं पोचलं होतं.
त्यावर घर आहे,
त्याला माडी आहे, माडीत कोणी दिवा लावलाय,
हे त्यांना आत्ता कळत होतं, माझ्यासमोर.
शाल्मलीने मुरकी घेतली. आज विसरली नाही.
उमराणींनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला,
आणि ओठ पुन्हा हलायला लागले.
वरच्या चालीवर नाही. आमच्याच.

नंतर रंगपटात गर्दी. शाल्मलीला हार, शाल्मलीबरोबर फोटो.
एक बाई मला म्हणाल्या, तुम्ही कोण होतात?
पिंप.
अच्छा, छान.

त्यांच्यामागे उमराणी.
‘तिसऱ्या कडव्यात तुमची पंधराच “येईल” झाली.’
मला माहीत होतं.
सोळाव्या वेळी मी त्यांच्याकडे बघत होते.
‘सोळावं मी म्हटलं,’ ते म्हणाले,
आणि वडे संपतील म्हणून
घाईघाईने कँटीनकडे गेले.