साबणातली किल्ली

माझगावच्या पुलाच्या पायऱ्यांशी
माझं दुकान म्हणजे एक लाकडी पेटी,
एक शिकंजा, तीन कानशी,
आणि तारेत ओवलेल्या दीडशे कोऱ्या किल्ल्या,
ज्यांना अजून कुठलंच दार ठाऊक नाही.

मी ओबेद साळवे. साठ रुपयांत डुप्लिकेट.
सात वर्षं बाहेर आहे.
बाहेर म्हणजे कुठून, हे गिऱ्हाईक विचारत नाही
आणि मीही आपणहून सांगत नाही.

सुटलो तेव्हा वाटलं, झालं.
फाटकासमोर उभा राहून उसाचा रस प्यालो, दोन ग्लास,
आणि तरी घरी येताना गल्लीतली कुलपं मोजत आलो:
हे पाच लिव्हरचं, हे सात,
हे नुसतंच दिखाऊ, चिमट्यानं निघेल.
प्रभू, म्हटलं, एवढं तरी हातातून काढून घे.
त्यानं काढलं नाही.
रविवारी पाळक बंधमुक्त म्हणाले
की सगळे आमेन म्हणतात.
माझा आमेन जरा मागून येतो.

मंगळवारी दुपारी दिगू आला.
हेल्मेट न काढता पेटीवर ठेवली
रुमालात गुंडाळलेली गुलाबी साबणाची वडी,
आणि वडीत किल्लीचा ठसा,
दात न् दात उमटलेला.
"फक्त बनवून दे. तू जायचं नाहीस कुठे.
साठ नाही, साठ हजार."
मग, जाता जाता, सहज:
"तुझी लुदिया आता कॉलेजला ना?
सकाळी साडेसहाची बस पकडते."

ते वाक्य त्यानं तिथंच सोडलं, साबणाशेजारी,
आणि संध्याकाळी येतो म्हणाला.

मी शूर नाही, हे आधी सांगतो.
तारेतली एक कोरी किल्ली मी काढली, खरंच काढली,
शिकंज्यात धरली.
हाताला इतका आनंद झाला,
म्हाताऱ्या कुत्र्याला जुन्या मालकाची शीळ ऐकू यावी तसा.
पहिला दात घासला. त्यात लुदियाची फी बसली.
दुसऱ्यात गळका पत्रा.
तिसऱ्यापाशी थांबलो.

आभाळातून आवाज वगैरे आला नाही.
वरून फक्त पुलाची धूळ पडत होती.
एवढंच कळलं, की दार कुणाचं का असेना,
आत शिरणार तो मीच,
आणि बाहेर यायची किल्ली या साबणात नाही.

उठलो. कोपऱ्यावरच्या नळाखाली
वडी धरली आणि हात धुतले,
कोपरापर्यंत, सावकाश,
पंगतीला बसण्याआधी धुतात तसे.
फेसात आधी दात गेले, मग मान, मग कडं.
मागं उभी बाई म्हणाली,
"काका, सोडा की आता, हंडा लावायचाय."

संध्याकाळी दिगूला वडी परत दिली,
ओली, गुळगुळीत, निम्मी.
माझे पाय कापत होते ते त्यानं पाहिलं.
"भितोस," म्हणाला.
"हो," म्हटलं, "भितो. आणि तुझं काम करत नाही."
दोन्ही एकाच तोंडातून निघालं
याचं मलाच नवल.
त्यानं वडी गटारात फेकली, बाइकला किक मारली.

घरी रिबकाला सगळं सांगितलं,
दोन दात घासले होते तेही.
ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.
मग म्हणाली, सकाळी चौकीत जाऊ.
चौकी म्हटलं की माझं पोट अजून आवळतं.
गेलो. बाकावर दोन तास बसलो,
ह्या वेळी बाकाच्या ह्या बाजूला.

बाइक थांबली की मान अजून वळते.
कुलपंही मोजतो येता-जाता, पाच लिव्हर, सात.
काल रात्री वरच्या मजल्यावरच्या पेरपेतबाई
दाराबाहेर अडकल्या, आत गॅसवर दूध.
चिमट्यानं अर्ध्या मिनिटात दार उघडलं.
"काय हात चालतो रे तुझा!" त्या म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच
मी हात खिशात घातले नाहीत.
दूध थोडं उतू गेलंच होतं.