घागरींची किनार

ग्राफपेपर अकरा महिने टेबलाच्या काचेखाली आहे.
काचेवर चहाचे गोल डाग, दोन लाइट बिलं,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरचा गणपती.
खाली चादरीची किनार, माझी स्वतःची:
नळाला लावलेल्या घागरींची रांग,
मध्येच एक कळशी, एक प्लास्टिकचा हंडा, पुन्हा घागर.
सव्वीस काढायच्या. काढल्या नऊ.
दहावीचा गळा अर्धा आहे.

शेठ विचारायचे, "गाजुल मास्तर, झालं का?"
मी म्हणायचो, "उद्या."
आता ते विचारत नाहीत.

या गावात उद्याला तोटा नाही.
घरात आम्ही तेलुगू, रेपु म्हणतो.
शेजारची शांतव्वा नाळे म्हणते.
कांडीवाला इस्माईल म्हणतो कल,
त्याच्या एका शब्दात गेलेला दिवसही मावतो
आणि येणाराही.
शांतव्वा सांगते, तिच्या इंडीकडच्या गावात
भूत येऊ नये म्हणून दारावर कोळशानं लिहायचे,
नाळे बा. उद्या ये.
भूत वाचायचं, परत जायचं,
दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा तेच वाचायचं.
मी खूप हसलो.
मग टेबलाशी येऊन बसलो.
अक्षर माझंच होतं.

आळशी म्हणा, पण ते खरं नाही.
या अकरा महिन्यांत मी
शेठचे चौदा मोर पुरे केले,
पंख्याची पाती पुसली,
पेन्सिलींना टोक काढता काढता
त्या अंगठ्याएवढ्या करून टाकल्या.
मोर बिघडला तर मोर बिघडतो.
ही घागर बिघडली तर…
इथवर आलो की मी पंखा वाढवायचो.

न विणलेल्या चादरीचा धागा तुटत नाही.
काचेखाली ती सोलापुरातली सगळ्यात देखणी चादर होती.
फक्त कुणी पांघरली नव्हती.

नागमणी विड्या वळते.
रात्री पान भिजवते, सकाळी कापते.
एकदा विचारलं, तुला कंटाळा येत नाही?
"येतो की. पण पान सुकतंय."
एवढंच बोलली. सुविचार म्हणून नाही,
कात्री शोधता शोधता.

मग ती एप्रिलातली रात्र, पाण्याची.
आमच्या पेठेत पाणी पाचव्या दिवशी, वेळ त्याच्या मर्जीची.
पावणेतीनला नळानं आधी वारा सोडला,
खोकला,
आणि अख्खा बोळ उठला.
मोटारी, पाइप, शांतव्वाचा आरडाओरडा,
लुंगी खोचून दोन बादल्या घेतलेला इस्माईल.
कुणी रेपु म्हणालं नाही.
कुणी नाळे म्हणालं नाही.
नवी घागर आणली की भरू,
जरा मन लागलं की भरू,
कुणीच नाही.
गळक्या हंड्याच्या चिरेला साबण लिंपून
तोही भरला मी.

साडेचारला नळ गेला.
हात ओले, झोप उडालेली.
काच उचलली. बिलं घसरली, गणपती पडला, उचलून कपाळाला लावला.
सव्वीस मोजल्या नाहीत.
दहावीचा गळा, सातच चौकोन.
पाचव्या चौकोनावर ओलं बोट टेकलं,
निळा रंग फाकला.
ब्रश खाली ठेवावासा वाटला. वाटू दिलं.
सहावा भरला.

सव्वीस व्हायला जून उजाडला.
मध्ये सलग आठ दिवस हात लावला नाही, खोटं कशाला बोलू.
कार्डं पंच झाली, दोरीत ओवली, मागावर चढली,
आणि कापड उतरलं तेव्हा दिसलं,
दहावी घागर कडेनं गळतेय.

शेठनी चष्मा वर केला.
"मास्तर, हे मुद्दाम का चूक?"
उद्या सांगतो, असं ओठांवर आलं होतं.
"चूक," म्हणालो.
त्यांनी त्या गळतीवरून बोट फिरवलं.
"राहू दे."

घरी येऊन काच पुसली.
खाली आता काही नव्हतं, म्हणून बिलं सरकवली.
एकाची मुदत मार्चातच संपली होती.