एका पानात बसवा

साहेब म्हणाले, नव्या जिल्ह्याची माहिती
एका पानात बसवा.
सीमा, इतिहास, कारभार. उद्या पाटी लागते आहे.

केप्याच्या या खोलीत पंखा आलाय, नकाशा यायचाय.
तोवर मडगावहून आणलेला जुना दक्षिण जिल्हा
गुंडाळून कपाटामागे उभा आहे,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

मी लिहिते :
कुशावती रिवणच्या वर डोंगरात कुठेतरी उगवते.
'कुठेतरी' खोडते. कचेरीत तो शब्द चालत नाही.
केपें, मग पारोडा, चांदरला वळसा,
मग जुवारीत जाऊन नाव सोडते.

पारोड्याला जुलैत ती रस्त्यावर येऊन बसते.
तेव्हा तो रस्ता बांधकाम खात्याचा
की जलस्रोत खात्याचा,
यावर दोन पत्रं गेली, एक स्मरणपत्र गेलं,
तोवर पाणी उतरलं.
हे कारभारात घालू की भूगोलात?

इतिहास :
चांदरला एके काळी राजधानी होती. आता रेल्वेचं फाटक आहे.
फाटकाजवळच्या मारियानबायच्या गोठ्याला
हातभर लांबीची एक वीट आहे, कुठल्या राजाची कोण जाणे.
ती म्हणते, बरी आहे, गाय टेकते.

मग नव्या काबिजादी. म्हणजे आम्ही.
नव्या म्हणून जिंकलेल्या, आणि अडीचशे वर्षं नव्याच राहिलेल्या.
मग कोंसेल्य, मग तालुका, आता जिल्हा.
शिक्का बदलतो, शाईचं पॅड तेच,
मधोमध खड्डा पडलेलं.

अकरा वाजता बुधो वेळीप येतो.
दर मंगळवारी येतो. छत्री दाराबाहेर, वहाणाही बाहेर,
जरी कितीदा सांगितलं की राहू द्या.
'बाये, फायल खंय पावली?'

त्याच्या काजूच्या उताराची फाइल.
वनखात्याकडून मामलेदाराकडे, तिथून मडगाव,
मडगावहून परत, कारण गाव आता तुमच्या जिल्ह्यात.
पुरावा जोडलेला नाही, असा शेरा
तीन वेगवेगळ्या अक्षरांत.

कधीपासून कसता, असं विचारलं होतं मी पहिल्यांदा.
तेव्हा तो मला घेऊन गेला होता नदीकाठी,
उसगाळीमळच्या जांभ्या कातळावर.
बैल कोरलेले. हरणं. एक मोर असावा.
आणि एक गोल, गोलात गोल, गोलात गोल.
त्याने बोट बाहेरच्या रेषेवर ठेवलं
आणि न उचलता मधोमध नेलं.
'हांगा पावता,' म्हणाला, 'मनीस पावता.'
फाइलीचं काही म्हणाला नाही.
कोणी कोरलं, ते त्यालाही माहीत नव्हतं.
मी अर्जावर लिहिलं : प्रत्यक्ष पाहणी केली.
वरून परत आलं : छायाप्रत जोडावी.

व्हरांड्यात इनास पाटी रंगवतोय.
आत डोकावून विचारतो, शहामृगातला श की षट्कोनातला ष?
पहिला, मी म्हणते. आणि ऱ्हस्व उकार.
नदीला कधी विचारलं नव्हतं कुणी.

बुधोला आज पोच हवी आहे.
नोंदवहीत सही करा म्हणते. तो अंगठेवाला.
पॅड कोरडं. साहेबांचं पॅड साहेबांबरोबर पणजीला.
तो बाहेर जातो, इनासच्या ओल्या निळ्या 'कु'वर
अलगद अंगठा टेकवतो, आणि आत येऊन
ठेवतो.
नोंदवहीवर नाही. चष्मा विसरलाय.
माझ्या एका पानावर, जिथे 'सीमा' लिहून
पुढची जागा मी अजून मोकळी ठेवली होती.

गोलात गोल, गोलात गोल.

बाहेर इनास कातावून 'कु' पुन्हा भरतोय.
बुधो माफी मागतोय, कोंकणीत, मग मराठीत,
कचेरीत मराठी बरी दिसते म्हणून.
पान पुन्हा टाइप करावं लागेल.
प्रिंटरची शाई मंजूर झाली आहे, आलेली नाही.

मी पंखा बंद करते, रंग वाळेपर्यंत.