वाफेला वाट

शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत
मी एक पेटी बसवली होती. निळी, पत्र्याची,
कुलूप लावलेली; किल्ली माझ्याच खिशात.
वर पेंटरकडून लिहून घेतलं: ‘मोकळेपणाने सांगा’.
सहा महिन्यांनी उघडली
तर आत केएमटीचं एक तिकीट,
माव्याची पुडी, मेलेलं झुरळ,
आणि वहीच्या पानावर एकच ओळ:
‘पेटी कॅमेऱ्याच्या खाली हाय.’

खरं सांगतो, हसू नाही आलं.
मी हजेरीचं मस्टर मागवलं
आणि त्या ‘हाय’चं वळण जुळवत बसलो
सह्यांच्या रांगांतून, रात्री साडेनऊपर्यंत.
दोघांवर संशय पक्का झाला. मग तिसऱ्यावर.
सातव्यावर आलो तेव्हा मस्टर मिटलं.
तीनशे बारा माणसांत
ती ओळ ज्याला सुचली नसेल
असा एक तरी असेल का?

त्या महिन्यात रिजेक्शन अकरा टक्के.
पंपाच्या बॉडीत ब्लोहोल. मशिनवर चढवलं की
गुळगुळीत अंगावर अचानक देवीचे व्रण.
पुण्याहून सल्लागार आणला. त्यानं आलेख दाखवले,
भडंगाची दोन पाकिटं घेतली, गेला.

फेटलिंगला दस्तगीर मुजावर.
एकेक नग उचलायचा, छोट्या हातोडीनं वाजवायचा,
मान जराशी तिरकी.
टण्ण वाजला की उजवीकडे,
बद्द वाजला की डावीकडे.
वीस वर्षांत मी त्याला कधी विचारलं नव्हतं
डावीकडचा ढीग का वाढतो.
विचारलं.
‘कोरशॉपला इचारा,’ म्हणाला, ‘मी निस्ता ऐकतोय.’

कोरशॉपात बायका. दुपारचा चहा.
मी पालथ्या मोल्डिंग बॉक्सवर बसलो, तशा सगळ्या उठल्या.
बसा म्हटलं. बसल्या. चहा बशीतच निवला.
एकीनं उगाच वाळू चाळायला घेतली,
आधी चाळलेलीच.
बऱ्याच वेळानं शालन कोरवी बोलली,
माझ्याकडे न बघता, हातातल्या सळईकडे बघत:

‘कोर भरला की सळईनं भोकं पाडाय लागत्यात.
रस वतला की आत वाफ धरती.
तिला भायेर जायाला वाट पायजे.
न्हाई दिली, तर ती गप बसती व्हय?
लोखंडातच शिरती.
मार्चपास्नं तुमी टायम कमी केलाय,
नगामागं चाळीस सेकंद.
चाळीस सेकंदात भोकं हुईत न्हाईत, सायेब.
सुपरवायझरला सांगितलं. ते म्हनाले,
सायबास्नी आवडायचं न्हाई.’

चाळीस सेकंद माझी कल्पना होती.
रोटरीत मी त्यावर भाषणही केलं होतं.
तोंडात उत्तर तयार होतं:
डिलिव्हरी, विजेचं बिल, चीनचा भाव.
ते गिळायला किती वेळ लागला
मी घड्याळात पाहिलं नाही,
पण चाळीस सेकंदांहून जास्तच असावा.

पेटी काढली. भिंतीत खिळ्यांची चार भोकं राहिली;
ती बुजवू नका म्हटलं.
सेकंद परत दिले. रिजेक्शन साडेचारवर उतरलं.
शालन म्हणते अजून उतरेल, पंखा बसवला तर.
‘पंख्याचं आधी का नाही बोललात?’
‘दोन वर्सं बोलतोय की.’

मी सुधारलो, असं नाही.
परवाच मीटिंगमध्ये बोनसचा विषय कुणी काढला
आणि माझा आवाज चढला, जुन्या सवयीनं;
‘तुम्हाला काय कळतं’ इथपर्यंत आलो.
सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

दस्तगीरनं बोटाचं पेर
टेबलावर एकदाच वाजवलं. हलकेच.
आणि मान जराशी तिरकी करून
थांबला.