भूल-सुधार

मानपत्र मी लिहिलं होतं.
म्हणजे अक्षर माझं, आणि
‘झुंजार’, ‘व्रतस्थ’, ‘लेखणीचे धनी’ वगैरे
मागच्या वर्षीच्या फायलीतून.
रामबागेतल्या मंडळात हे काम माझ्याकडेच येतं,
माझ्या वेलांट्या चुकत नाहीत म्हणून.

रिसबूड साब.
इंदुरात त्यांना कुणी काका म्हटलं नाही.
रोज हिंदी दैनिकात, रविवारी मराठी साप्ताहिकात,
पगार दोन्हीकडे उशिरा.
जेल रोडवरून परदेशीपुऱ्यापर्यंत सायकल,
हँडलला कापडी पिशवी,
पिशवीत वही आणि पेन्सिल.
पेन्सिलच का, तर
घामाच्या हाताने शाई पसरते.

मे महिना, त्यात शाल.
पंखा होता, पण अध्यक्षांकडे वळलेला.
श्रीफळ मांडीवर घेऊन ते बसले होते,
कुणी आपलं मूल
जरा वेळ धरायला दिल्यासारखे.

मी वाचत होते. आवाज बरा लागला होता.
‘बॉयलरच्या स्फोटात अकरा कामगार दगावले,
ती बातमी आपण निर्भयपणे...’

‘बारा,’ ते म्हणाले.

पहिल्या दोन रांगांनीच ऐकलं असेल.
मी कागद पाहिला. अकराच होतं.
कात्रणातही अकरा, त्यांच्याच नावाखाली.
पुन्हा सुरू केलं, ‘अकरा कामगार...’

‘बारा, बाई.’

आणि उठले. शाल खुर्चीवरच राहिली.
माईकपर्यंत यायला इतका वेळ लागला
की कुणीतरी टाळ्या सुरू केल्या
आणि मध्येच सोडून दिल्या.

‘अकरा हा मिलच्या हजेरीपटाचा आकडा.
मी तो उतरवून घेतला.
बारावा बदलीवर होता,
दुसऱ्याच्या बिल्ल्यावर, त्या एका पाळीपुरता.
छोगालाल नाव.
नवव्या दिवशी एम.वाय.मध्ये गेला.
बिल्ला ज्याचा होता तो जिवंत,
म्हणून मिलच्या लेखी कुणी गेलंच नाही.
त्याची बायको ऑफिसात आली होती.
नाव लिहवून आणलं होतं कुणाकडून तरी,
सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला.
मी म्हटलं, कल छापेंगे.
दुसऱ्या दिवशी क्रिकेट होतं,
तिसऱ्या दिवशी साड्यांच्या सेलची जाहिरात.
पुढे भरपाईच्या खटल्यात
मिलने पुरावा म्हणून माझंच कात्रण लावलं.
देखिए, अखबार भी ग्यारह कहता है.’

ते थांबले. पाणी कुणी दिलं नाही, सुचलं नाही कुणाला.

‘भूल-सुधाराला दीड इंच जागा लागते.
ती मला दिली नाही, असं मी सांगत आलो.
मी मागितलीच नव्हती.’

अध्यक्षांनी ‘प्रांजळ’ हा शब्द तीनदा वापरला.
मागून कुणी म्हणालं, आजच्या दिवशी हे कशाला.
कचोऱ्या आल्या.

मानपत्राची चौकट खिळ्यांनी बंद होती.
ती आम्ही चमच्याच्या दांड्याने उघडली,
मी आणि माळ्यावरून खुर्च्या काढणारा गोविंदा.
‘अकरा’ खोडलं, वर ‘बारा’ लिहिलं.
रिसबूड साब बघत उभे होते.
‘नाव?’
मग समासात, छापील मोराच्या पायाशी,
जेमतेम मावेल असं, छोगालाल.
त्यांनी चष्मा वर सरकवून
एकेक अक्षर तपासलं,
आणि चौकट पिशवीत घातली,
काचेशिवाय.

सकाळच्या पेपरात तीन कॉलम.
फोटोत शाल छान आली होती.
त्यांचं आडनाव ‘रिसबुड’, ऱ्हस्व.
मजकूर माझाच, आदल्या दिवशी
मीच पाठवलेल्या कागदावरून:
अकरा कामगार.

मी फोन लावला. डेस्कवरचा मुलगा सज्जन होता.
सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली,
म्हणाला, कल देख लेते हैं, मैडम.

आज, मी म्हटलं.
नाव लिहून घ्या. छत्रीतला छ.
हो, फोन मी धरून आहे.